आजारी लेकरू, सांभाळणारी बाई आणि आपला धर्म

गेल्या एकादशीस आमच्या मंडळाचे भजन आटोपले, टाळ पिशवीत गेले आणि चहाचे पेले फिरू लागले, तेव्हा एका वयस्क बाईंनी प्रश्न काढला. त्यांची सून बँकेत, मुलगा कारखान्यात, आणि तीन वर्षांच्या नातवाला सांभाळायला दिवसभराची बाई. नातवाच्या अंगावर कांजिण्या उठल्या. बाईने निरोप धाडला, "खपल्या पडेपर्यंत मी येत नाही." "आता तुम्हीच सांगा," त्या आम्हाला म्हणाल्या, "लेकरू हसतेखेळते असताना पगार घ्यायचा आणि ते अंथरुणाला खिळले की पाठ फिरवायची, हा कुठला धर्म?"

लगेच दोन तट पडले. कोणी म्हणाले, मीठ खाल्ले की जागावे. कोणी म्हणाले, तिलाही घरदार आहे. आमच्या विणेकरी बुवांनी सेवाधर्मावर चांगले पाचदहा मिनिटे सांगितले. मी मात्र गप्प होतो. एरवी मी गप्प बसणारा माणूस नव्हे, हे मंडळीला ठाऊक आहे. त्या दिवशी गप्प बसण्याला कारण होते. ते तिथे सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून कागदावर उतरवतो आहे.

कोणी म्हणेल, हा तर नोकरी-चाकरीचा प्रश्न, भक्तिमार्गाच्या मासिकात कशाला? तर बाबांनो, आपला मार्ग संसार सोडून डोंगरात जाणाऱ्यांचा नाही. प्रपंचात राहूनच परमार्थ करा, असे आपल्याला शिकवले आहे. आणि आजच्या प्रपंचात घरोघरी ही बाई आहे. पूर्वी तिला आया म्हणत (हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला), कोणी दाई म्हणत. आता मावशी म्हणतात, ताई म्हणतात. नाते लावतो खरे. पण ते नाते लेकराला ताप चढला म्हणजे किती टिकते, हे पाहायचे आहे.

आधी एक जुनी गोष्ट आठवते. माझ्या लहानपणी घरात कुणा पोराला गोवर किंवा कांजिण्या आल्या, की आजी दाराच्या चौकटीला लिंबाचा डहाळा बांधायची. बाई रुसेल, घरात फोडणी नको, अशी त्यामागची समजूत. ती समजूत आज कोणी मानू नये. गोवर हा विषाणूने होणारा रोग आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्या डहाळ्याने एक काम चोख होत असे. रस्त्याने येणाऱ्याला तो उंबऱ्याबाहेरच सांगे की, या घरात असे असे आहे, तुझ्या कडेवर तान्हे असेल तर आत येऊ नकोस. दळण न्यायला आलेली, भांडी घासायला आलेली, सर्वांना ते सारखेच कळे. डहाळा गेला, चांगले झाले. पण त्याच्याबरोबर ते सांगणेही गेले की काय, अशी मला शंका येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पहिले म्हणणे असे की, तिने काम पत्करले आहे. इस्पितळातली परिचारिका रोग पाहून पळून जात नाही, मग हिने का जावे? ऐकायला हे पटते. पण परिचारिकेचा पेशाच रोग्याचा. तिला त्याचे शिक्षण दिलेले असते; हातमोजे, तोंडावरची पट्टी, टोचून घ्यायच्या लसी, आजारी पडली तर रजा, आणि पाळी बदलायला दुसरी परिचारिका असते. आपल्या घरच्या बाईजवळ काय असते? पदर. लेकराचे नाक त्या पदराला पुसायचे आणि तोच पदर घेऊन संध्याकाळी स्वतःच्या पोराला जवळ घ्यायचे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे वेगळे निजायला कोपरा कुठून आणणार? शिवाय तिला कामावर ठेवताना आपण काय बोललो होतो ते आठवावे. खाऊ-पिऊ घालायचे, बागेत न्यायचे, झोपवायचे. गोवराचे आपण बोललो नव्हतो. आपल्या राज्यात २००८ साली घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आजाराच्या दिवशी या चार भिंतींत कसे वागावे, हे अजून घरमालकाच्या मनावरच आहे.

आणि एक उलटी गोष्ट पाहा. तिच्या पोराचे डोळे आले, असे तिने दारात सांगितले तर आपण काय करतो? तिथूनच परत पाठवतो. "बरे होईपर्यंत येऊ नकोस हो," असे गोड बोलून पाठवतो, आणि महिन्याच्या शेवटी चार दिवस कापतो. म्हणजे लागण तिच्याकडून आपल्याकडे येते तेव्हा तो रोग. आपल्याकडून तिच्याकडे जाते तेव्हा ते कर्तव्य! २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा सोसायट्यांनी फाटकावर पहिल्यांदा अडवले ते या बायांना. तो रोग विमानातून उतरला होता, झोपडपट्टीतून निघाला नव्हता, हे कोणी ध्यानात घेतले नाही.

दुसरे म्हणणे अधिक जड आहे, कारण ते आपल्याच भाषेत केले जाते. आजारी लेकरू म्हणजे प्रत्यक्ष पांडुरंग; त्याची सेवा करताना स्वतःच्या जिवाची काळजी करणे म्हणजे श्रद्धा उणी पडली. याला दाखलेही दिले जातात. गोदेच्या तापल्या वाळवंटात चुकलेले अस्पृश्याचे पोर नाथांनी उचलले आणि त्याच्या घरी पोचवले, ही कथा पैठणच्या वाटेवर कोणीही सांगेल. सावित्रीबाई फुल्यांचा दाखला तर याहून जवळचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढे पुण्यात पसरला. सावित्रीबाईंनी आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याहून प्लेगने फणफणलेल्या एका मुलाला त्या पाठीवर घेऊन आल्या, त्यात त्यांनाच लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

हे दाखले खरे आहेत आणि त्यांपुढे हात जोडावेत. पण कोणासाठी आहेत ते पाहू. नाथांना त्या वाळूत कोणी धाडले नव्हते. सावित्रीबाईंना कोणी सांगितले नव्हते की मुंढव्याला जा नाही तर पगार कापतो. त्यांनी स्वतःचा देह पुढे केला. आपण काय करतो? दुसरीचा देह पुढे करतो आणि त्याला सेवा असे नाव देतो. सेवा आपण करायची असते. दुसऱ्याकडून दटावून करवून घेतली की तिचे नाव वेठ. पन्नादाईचे नाव आपल्याकडेही मोठ्या आदराने घेतात. मेवाडात १५३६ च्या सुमारास बनवीर तलवार घेऊन आला तेव्हा तिने राजपुत्र उदयसिंहाला वाचवण्यासाठी त्याच्या पाळण्यात आपले पोर निजवले. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या रात्री राणीने तिला हुकूम केला असता की, माझ्या मुलाच्या जागी तुझा निजव, तर आपण ती गोष्ट लेकरांना सांगितली असती का? त्यागाचे मोल सारे त्याच्या स्वतःहून होण्यात आहे. आणि मला आणखी एक वाटते, कोणाला पटो न पटो. त्या गोष्टीत पन्नेच्या मुलाला कोणीच काही विचारले नव्हते. दाईच्या त्यागाचे कौतुक करताना तिच्या लेकराचा हिशेब नेहमीच मागे राहतो.

असो. आता संतांनी काय सांगितले ते पाहू. साधू कोणाला म्हणावे हे तुकोबारायांनी सांगितले आहे आणि तो अभंग आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पहिली ओळ आपण सभेत, लग्नात, भाषणात म्हणतो. पण त्याच अभंगात पुढे, पोटच्या मुलावर जी दया करतो तीच चाकरमाणसांवर करावी, अशा अर्थाचे वचन आहे. तिथे आपली गाडी जरा भरधाव जाते. महाराजांनी मुलगा आणि दासी एकाच श्वासात घेतले आहेत. दासीवर थोडी कमी दया चालेल, असे म्हटलेले नाही. आपला प्रश्नही नेमका त्या दोघांचाच आहे. आजारी मुलगा या हाताला, ती बाई त्या हाताला.

आणि जनाबाई? गंगाखेडची पोरकी पोर, पंढरीस दामाशेटींच्या घरी आली, नामदेवरायांना तिने अंगाखांद्यावर खेळवले असे परंपरा सांगते. म्हणजे आपल्या संप्रदायाची ही थोर संत आजच्या भाषेत बोलायचे तर लेकरू सांभाळणारी बाईच होती. तिच्या घरी देवाने काय केले? दळण दळू लागला, पाणी भरले, शेण्या वेचल्या. तिला उपदेश करत बसला नाही. ती एकटी दमते हे पाहून त्याने जात्याच्या खुंट्याला हात घातला. गोपाळपूरला काल्याला गेलो म्हणजे आपण जनाबाईचे जाते पाहतो, त्यावर हात फिरवून तो कपाळाला लावतो. मीही लावला आहे, कैक वेळा. त्या जात्याला हात लावून घरी येणारा माणूस घरच्या बाईच्या बाबतीत काय करतो, ते आता सांगतो.

२०२२ सालचा मार्गशीर्ष. मी मुंबईत मुलाकडे होतो. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीकडे गोवराची साथ उठली होती, मुले दगावली होती, वर्तमानपत्रांत रोज आकडे येत. आमचा नातू अडीच वर्षांचा. लसीची पहिली मात्रा झाली होती, दुसरी राहिली होती. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता राहिली, दुसरे कारण नाही. रविवारी त्याला ताप भरला, नाक वाहू लागले, डोळे लालभडक झाले. सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंडात पाहिले. गालाच्या आतल्या बाजूस मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके होते. "गोवर वाटतो. दोन-तीन दिवसांत अंगावर उमटेल. लहान मुले जवळ येऊ देऊ नका," असे ते म्हणाले. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस दिला, दुसरा दुसऱ्या दिवशी द्यायला सांगितला.

आमच्याकडे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एक बाई येत असे. तिशीच्या आतली असेल. तिला आठ महिन्यांचे बाळ. घरी ठेवायला कोणी नाही म्हणून ती ते सोबत आणी. स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला साडीची झोळी बांधून त्यात निजवी. सूनबाईंनीच तशी परवानगी दिली होती. मोठ्या मनाची आहे सूनबाई.

सोमवारी रात्री आम्ही तिघे बसलो. मुलाच्या कचेरीत वर्षअखेरीची गडबड, सूनबाईची रजा संपलेली. "बाईला सांगायचे का?" सून म्हणाली. "सांगितले तर ती येणार नाही," मुलगा म्हणाला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. घरात माळकरी मी. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा काय करायचे ते." मी म्हणालो, "डॉक्टर 'वाटतो' म्हणालेत. अजून अंगावर काही आलेले नाही. नुसता ताप आहे म्हणावे. दोन दिवस पाहू."

माउलींनो, हे वाक्य मी बोललो. समोर देव्हारा होता.

मंगळवारी ती आली, बुधवारी आली, बाळ घेऊन आली. गुरुवारी सकाळी नातवाच्या कानामागे आणि कपाळावर तांबडे पुरळ दिसले. ती त्याला अंघोळ घालायला नेत होती. तिने पाहिले आणि जागीच थांबली. "आजोबा, ह्यो गोवर हाय." एवढेच बोलली. नातवाला पुसून कोरडे केले, माझ्याजवळ आणून बसवले, झोळी सोडली, बाळ पोटाशी धरून निघून गेली.

अकराव्या दिवशी तिच्या बाळाला ताप आला. गोवर, आणि त्यावर न्यूमोनिया. सरकारी इस्पितळात नऊ दिवस होते. वाचले, ही त्या लेकराची आयुष्याची दोरी. त्या दिवसांत मी हरिपाठ किती म्हटला त्याची गणती नाही; पण इस्पितळात मी गेलो नाही.

मुलगा माझी समजूत घालत असे. "बाबा, गोवर अंगावर उमटण्याआधी चार दिवस लागत असतो. म्हणजे सोमवारी आपल्याला कळले त्याच्या आधीच बाळाला लागला असेल. आपण सांगितले असते तरी तेच झाले असते." हे शास्त्र त्याचे बरोबर होते. आजारी मूल ज्या खोलीतून गेले तिथल्या हवेत तो विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. संरक्षण नसलेल्या वस्तीत एकापासून बारा ते अठरा जणांना लागू शकतो. आठ महिन्यांचे बाळ त्याच्या तावडीतून सुटणे अवघडच. मला त्या बोलण्याने बरे वाटे. पुढे एका ओळखीच्या डॉक्टरांशी बोलताना मी हेच बोलून दाखवले. ते म्हणाले, "काका, गोवराच्या संपर्कात आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर सहा महिन्यांपुढच्या बाळाचाही आजार पुष्कळदा टळतो, नाही तर निदान सौम्य होतो." ७२ तास. सोमवारी ती सहा वाजता गेली तेव्हा आम्ही डॉक्टरांकडून निघत होतो. रात्री एक फोन केला असता तर मंगळवारी सकाळी ती बाळ घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात उभी राहिली असती. ते दोन दिवस मी तिच्याकडून काढून घेतले. बाळ कदाचित तरीही आजारी पडले असते. पण काय करायचे ते तिने ठरवले असते, मी नव्हे.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिची मला सर्वांत जास्त लाज वाटते. मला स्वतःला लहानपणी गोवर येऊन गेलेला आहे. ज्याला एकदा आला त्याला तो सहसा पुन्हा येत नाही. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली, तेव्हा पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टराने पाहिले की, ज्या म्हाताऱ्यांना ६५ वर्षांपूर्वीच्या साथीत गोवर झाला होता त्यांपैकी कोणालाही तो या खेपेस लागला नाही. म्हणजे आमच्या घरात त्या आजारी लेकराजवळ बसायला निर्धास्त असा एक माणूस होता, आणि तो झोपाळ्यावर पोथी घेऊन बसला होता. लेकराचे ओले कपडे बदलणे, शी-शू काढणे ही कामे आपली नव्हेत, अशी त्या माणसाची समजूत होती. बाई हवी होती ती लेकरासाठी कमी, माझ्या समजुतीसाठी जास्त.

ती पंधरा-वीस दिवसांनी पैसे न्यायला आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. पैसे मोजून घेतले आणि मला विचारले, "आजोबा, तुमाला आधीच ठावं व्हतं का?"

मी म्हणालो, "नाही गं."

एकादशीस मी गप्प का बसलो ते आता कळले असेल.

तेव्हा त्या भगिनींच्या प्रश्नाला मी आज काय उत्तर देईन? मला वाटते, सांभाळणाऱ्या बाईने लागट आजारात लेकराजवळ राहावे की नाही, याचा सरसकट हो किंवा नाही होत नाही. पण घरधन्याने काय करावे, हे मात्र बरेचसे स्पष्ट आहे. तिला आधी सांगावे. ती घरून निघण्यापूर्वी सांगावे, उंबऱ्यात आल्यावर नव्हे, कारण इतक्या लांब बसचे पैसे घालून आलेली बाई नाही म्हणताना संकोचते. आणि सांगताना त्याच दमात हेही सांगावे की, नाही आलीस तरी पगार चालू आहे. ही दुसरी गोष्ट सांगितली नाही तर पहिलीला अर्थ राहत नाही. ज्या 'हो'च्या मागे भाजीचे पैसे उभे असतात तो 'हो' तिचा स्वतःचा धरता येत नाही.

मग आजार कोणता ते पाहावे. साधे पडसे-खोकला झाला म्हणून कोणी कामे सोडत नाही, सोडूही नयेत. हगवण-ओकारी असेल तर साबणाने हात धुण्याने बराच बचाव होतो. साबण आपण ठेवावा, आणि हात आपणही धुवावेत. खरूज किंवा डोळे आले असतील तर टॉवेल, पांघरूण वेगळे करावे. कांजिण्यांचे निराळे आहे. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्या लागतात. लहानपणी होऊन गेल्या असतील त्या बाईला सहसा भय नाही. पण ज्यांना झालेल्याच नाहीत अशा मोठ्या माणसांना त्या पोरांपेक्षा कितीतरी जड जातात. म्हणून त्या भगिनींच्या बाईने येत नाही म्हटले तेव्हा, "अगं, तुला लहानपणी झाल्यात का?" एवढे कोणी विचारले होते का, हे मला त्यांना विचारावेसे वाटते. आणि पोटुशी असेल तिला तर विचारूसुद्धा नये, घरीच ठेवावे. कांजिण्या तिला घातक, आणि जर्मन गोवर पोटातल्या जिवाला. त्या किरकोळ वाटणाऱ्या गोवराने पोटातल्या बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो, हे ग्रेग नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या नेत्रवैद्याने १९४१ साली दाखवून दिले. आता गोवराच्या लसीबरोबरच त्याचीही लस सरकार मुलांना देते, नऊ महिन्यांना एक आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरी. आपल्या घरच्या लेकराची लस वेळेवर टोचून घेणे, हीच त्या बाईवर केलेली पहिली दया आहे. आमची दुसरी मात्रा राहिली नसती तर बहुधा वरची सगळी कथाच घडली नसती.

यावर कोणी नोकरी करणारी माउली मला रागाने विचारील, "बाबा, तुमचे पटते, पण मी काय करू? रजा नाही, सासूबाई गावी, नवरा फिरतीवर. बाई आली नाही तर लेकराजवळ बसू कशी आणि बसले तर नोकरी राहील कशी?" हिला माझ्याजवळ तयार उत्तर नाही, आणि असल्याचा आवही आणत नाही. तिच्यावर दोन्ही बाजूंनी भार आहे. कित्येक घरांत तर ती स्वतःच परिचारिका असते. दुसऱ्यांची आजारी माणसे सांभाळायला जाताना स्वतःचे आजारी लेकरू मागे ठेवते. एवढेच म्हणेन की, तिच्या घरातल्या पुरुषांनी आधी रजेचा अर्ज लिहावा. आमच्या घरी त्या सोमवारी रजेची चर्चा झाली ती सूनबाईच्या रजेची. माझ्या चिरंजीवांच्या रजेचा विषयच निघाला नाही, आणि मी तर निवृत्त, मला रजेचीही गरज नव्हती. एवढे करूनही बाईची निकड लागली, आणि बाई जाणून-समजून, सुरक्षित असून यायला तयार झाली, तर तिने यावे. यात वावगे काही नाही. लेकराला तिचा लळा असतो. तापात ते आईच्या खालोखाल तिलाच हाक मारते. त्या दिवसांचे तिला जास्त पैसे द्यावेत, दुपारी दोन तास निजू द्यावे, आणि रात्रीचे जागरण आपण करावे.

श्रद्धेचे म्हणाल तर २०२० सालची आषाढी आठवा. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका बसने पंढरीस गेल्या, आणि आपण लाखो माणसे घरात बसलो. पिढ्यान्पिढ्यांची वारी. कोणाचे पाय शिवशिवले नाहीत? मी तर पहाटे उठून गच्चीवर येरझारा घातल्या. पण आपल्या अंगाबरोबर रोग वाटेवरच्या गावांत जाऊ नये म्हणून आपण पांडुरंगाची भेट सोडली, आणि कोणाही संताच्या गादीने याला अश्रद्धा म्हटले नाही. प्रत्यक्ष विठोबाला भेटायला न जाणे धर्म ठरले, तर एका गरीब बाईने आपल्या तान्ह्यासाठी आठ दिवस कामावर न येणे अधर्म कसे ठरेल?

यंदाच्या उन्हाळ्यात धाकट्या नातीला कांजिण्या झाल्या. आता दुसरी बाई आहे, पन्नाशीची. सूनबाईने सकाळी सहालाच तिला फोन केला, सर्व सांगितले, पगाराचेही सांगितले. ती हसून म्हणाली, "मला चौथीत असताना झाल्यात बाई, तोंडावर वण हाय अजून. येते मी." ती आली. तीन रात्री मी नातीजवळ बसलो. फोडांना लावायचे गुलाबी औषध कापसाने कसे टेकवायचे, चोळायचे नाही, हे मला त्या बाईने शिकवले. माझे हात कापतात. नातीला त्याच्या गुदगुल्या होत होत्या.

त्या पहिल्या बाईचे घर मला ठाऊक आहे. स्टेशनच्या पलीकडे, नाल्याच्या कडेला. बाळ आता अंगणवाडीत जाते असे कळले. तिने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिला अजून द्यायचे आहे. आषाढीला निघण्यापूर्वी जाऊन येईन म्हणतो.